जावा नेमकी कोणाची?

मंडळी, वणीतल्या मुलांनी आधीच पाठवलेला एक प्रश्न आज आपण घेऊ. ‘जावा एका कंपनीच्या हातात आहे, मग ती शिकण्यात वर्षं घालवावीत का?’ प्रश्न रास्त आहे. ही द्राक्षबागायतदारांची पोरं. दुसऱ्याच्या जमिनीत बाग लावण्याचा धोका त्यांना कोणी समजावून सांगायला नको.

जावा १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं आणली. पुण्यात जन्मलेले विनोद खोसला हे सनच्या संस्थापकांपैकी एक. २०१० च्या जानेवारीत ओरॅकलनं सन विकत घेतली. सौदा सुमारे ७४० कोटी डॉलरचा. त्याच ऑगस्टमध्ये ओरॅकलनं गूगलवर खटला भरला.

भांडण कशावरून? सात-बाऱ्याचे रकाने राज्यभर सारखेच असतात, नोंदी मात्र प्रत्येकाच्या वेगळ्या. गूगलनं अँड्रॉइडमध्ये जावाच्या ३७ पॅकेजांचे ‘रकाने’, म्हणजे आज्ञांची नावं आणि मांडणी, सुमारे ११,५०० ओळी, जशाच्या तशा घेतल्या. आतलं काम करणारा कोड मात्र सनचा नव्हता, तो वेगळा लिहिलेला होता. जावा येणाऱ्याला अँड्रॉइड लगेच जमावं, हा हेतू. आता या रकान्यांवर मालकी सांगता येते का?

२०१२ मध्ये खालचं कोर्ट म्हणालं, नाही. २०१४ मध्ये वरच्या कोर्टानं ते फिरवलं. २०१६ मध्ये ज्यूरीनं गूगलच्या बाजूनं कौल दिला, तोही २०१८ मध्ये उलटला. शेवटी ५ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ६ विरुद्ध २ मतांनी गूगलच्या बाजूनं निकाल दिला. पण नीट ऐका: अशा मांडणीवर कॉपीराइट असतो की नाही, हे कोर्टानं ठरवलंच नाही. असतो असं धरलं तरी हा वापर न्याय्य, एवढंच सांगितलं. म्हणजे मूळ प्रश्न तसाच राहिला.

दहा वर्षं टांगती तलवार असली की माणसं दुसरी वाट बघून ठेवतात. २०१७ मध्ये गूगलनं अँड्रॉइडसाठी कॉटलिन ही भाषा अधिकृत केली, २०१९ मध्ये तिला पहिलं स्थान दिलं. त्याला कॉटलिनची सोपी लिहिणीही कारण होती. सगळं खापर खटल्यावर फोडू नये. आणि कॉटलिनही एका कंपनीनंच घडवली आहे, हे विसरू नका.

मग जावा टिकली कशी? सननं २००६-०७ मध्येच तिचा बहुतेक कोड मुक्त परवान्याखाली खुला केला होता. तोच ओपनजेडीके. २०१९ पासून ओरॅकलनं जावा ८ च्या व्यावसायिक वापरासाठी नव्या अपडेटना पैसे लावले, तेव्हा लोकांना इतरांनी बांधलेल्या मोफत आवृत्त्यांकडे जाता आलं. ‘जावा’ हे नाव ओरॅकलचं. खुला झालेला कोड मात्र त्यांना परत कोंडता येत नाही.

तेव्हा पोरांनो, जावा जरूर शिका. कुठलीही भाषा निवडताना मालक कोण एवढंच विचारून थांबू नका. परवाना वाचा, आणि मालकानं उद्या दार लावलं तर कोड घेऊन बाहेर पडता येईल का, ते बघा.