गिझर घेताय? आधी सांगा, बाथरूममध्ये हवा कुठून येते?

हेडफोन घरी राहिले असतील किंवा बसमध्ये गोंगाट असेल, तर आजचा भाग इथे निवांत वाचा. विषय आहे गिझर. थंडी पडली की भाड्याने राहणाऱ्या मुलामुलींचा एक प्रश्न ठरलेला असतो: "गॅसचा घेऊ की विजेचा? स्वस्तात काय पडेल?" पैशांचं नंतर बोलूच. आधी माझा एक प्रश्न आहे. तुमच्या बाथरूममध्ये हवा कुठून येते?

हसू नका, जरा हिशोब करू. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गॅस गिझर पूर्ण जोरात चालला, तर तासाला जवळपास एक किलो गॅस जाळतो. आणि एक किलो गॅस नीट जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. आता आपली बाथरूम बघा. चार फूट बाय सहा फूट, उंची आठ फूट. त्यात हवा किती? साडेपाच घनमीटरसुद्धा नाही! म्हणजे दारं-खिडक्या बंद असतील, तर अर्ध्या तासात गिझर अख्ख्या खोलीइतकी हवा वापरतो. तुम्ही श्वासाला घेता ती हवा वेगळीच.

खरा धोका तर त्याच्या बराच आधी सुरू होतो. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. सिलिंडरचा गॅस गळला तर आपल्याला कळतं, कारण त्यात मुद्दाम वासाचं रसायन घातलेलं असतं. इथे तसं काहीच नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं. आपल्याला वाटतं, वाफेमुळे होतंय. दार उघडावं असं सुचेपर्यंत हातापायातली ताकद गेलेली असते. म्हणून "वास येत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे" हे वाक्य डोक्यातून काढूनच टाका.

"पण आमच्याकडे एक्झॉस्ट फॅन आहे ना!" छान. पण फॅन हवा बाहेर फेकतो, आत आणत नाही. आत यायला वाट नसेल, तर गिझरचा धूर तो उलटा खोलीतच ओढू शकतो. खिडकीच्या काचेच्या पट्ट्या आपण नेमक्या थंडीत बंद करतो, तेही विसरू नका.

मग गॅस गिझर वापरायचाच नाही का? वापरा की, पण बाथरूमच्या बाहेर लावा. मोकळ्या बाल्कनीत गिझर, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप. आपल्या आज्या बंब परसात पेटवायच्या आणि बादली आत न्यायच्या. तोच नियम. जाळ बाहेर, पाणी आत. बाहेर जागा नसेल, तर गॅसचा विषय तिथेच संपला.

आता विजेचं बोलू. बिलाची धास्ती असते, पण २० अंशांचं पाणी ४० अंशांवर न्यायचं, तर २० लिटरच्या बादलीला जेमतेम अर्धा युनिट लागतं. तीन लिटरचा, तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर पाणी २५ अंशांनी तापवताना मिनिटाला पावणेदोन लिटरच देतो. म्हणजे बादली भरायला अकरा-बारा मिनिटं! मुंबईत मूळ पाणी फार गार नसतं, तिथे चालतो. नाशिकच्या डिसेंबरमध्ये धीर हवा. पंधरा लिटरच्या टाकीत ६० अंशांचं पाणी असेल, तर तितकंच २० अंशांचं गार पाणी मिसळून दीड बादली होते. टाकीचा घेताना स्टार बघा. पाणी नुसतं साठून राहिलं तर टाकी किती उष्णता गमावते, हे त्यावरून कळतं. आणि प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच. तीन किलोवॅटला १३ अँपिअर लागतात, मोबाइल चार्जरचा सॉकेट वितळेल.

देखभालीला मुहूर्त हवा असेल, तर दिवाळीच्या आधीचा आठवडा धरा. अभ्यंगस्नानाच्या पहाटे गिझर बंद पडला, तर मेकॅनिक कुठून आणणार? बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षारांचा थर बसतो. पाणी तापायला वेळ लागतो, टाकीतून कडकड आवाज येतो. टाकी रिकामी करून कॉइल साफ करून घ्या. आतला मॅग्नेशियमचा रॉडही बघायला सांगा. टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो, संपला की बदलायचा. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडले, तर तो बिघाड नाही. तापलेलं पाणी फुगतं, दाबाला वाट लागते. कुणी ते तोंड बंद करून देतो म्हणाला, तर सरळ नाही म्हणा.

गॅसवाल्यांसाठी दोन गोष्टी. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा काजळी धरली, तर गिझर बंद ठेवून माणूस बोलवा. आणि नारिंगी सुरक्षा नळीवरची तारीख वाचा, पाच वर्षांनी ती बदलायची असते.

बाथरूममध्ये कुणी हाकेला ओ देत नसेल, तर विचार करत बसू नका. दार उघडा, गरज पडली तर तोडा. श्वास रोखून त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन लावा.

फ्लॅट बघायला जाताना आपण वायफाय, पार्किंग, डिपॉझिट सगळं विचारतो. यापुढे बाथरूमचं दार उघडून आतही बघा. भिंतीवर गॅस गिझर दिसला, तर सही करण्याआधी घरमालकांना सांगा, "काका, हा बाहेर लावून द्या, नाहीतर विजेचा बसवा." भाडं ठरवण्याआधी हे बोलणं सोपं जातं.