क्वेरी मंदावली की सिस्टिम स्टॅटिस्टिक्स बदलायचे? चार गैरसमज

सिहोऱ्यातला शेतकरी ऑनलाइन सातबारा काढताना भंडारा जिल्हा, तुमसर तालुका, गाव आणि गट क्रमांक निवडतो. असा कुठलाही शोध आला की डेटाबेसला ठरवावे लागते: इंडेक्सवरून थेट नोंदीपाशी जायचे, की सगळे टेबल वाचायचे? हे ठरवणारा ऑप्टिमायझर प्रत्येक मार्गाचा खर्च मांडतो. आयबीएमच्या पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ही पद्धत मांडली. त्या हिशेबातले डिस्क आणि प्रोसेसरचे वेग म्हणजे सिस्टिम स्टॅटिस्टिक्स. ओरॅकलमध्ये ते ९आय आवृत्तीपासून आहेत.

गैरसमज १: इंडेक्स वापरला की क्वेरी वेगवानच होते.
वस्तुस्थिती: एका गटाची नोंद हवी असेल तर इंडेक्सच बरा. पण ८०० ब्लॉकच्या टेबलातले ३०० ब्लॉक लागणार असतील तर? ओरॅकल मूळ आकड्यांनुसार ८ केबीचा एक ब्लॉक वाचायला १२ मिलिसेकंद धरते, सलग आठ ब्लॉकना २६. इंडेक्सने ३.६ सेकंद लागतील, अख्खे टेबल २.६ सेकंदांत वाचून होईल.

गैरसमज २: टेबलची आकडेवारी रोज आपोआप गोळा होते, त्यातच सिस्टिम स्टॅटिस्टिक्सही येतात.
वस्तुस्थिती: टेबलची आकडेवारी सांगते की ओळी किती आणि मूल्ये कशी विखुरली आहेत. सिस्टिम स्टॅटिस्टिक्स यंत्राविषयी असतात. प्रत्यक्ष कामाच्या भाराखालचे मोजमाप ते स्वयंचलित काम करत नाही.

गैरसमज ३: वरचेवर मोजले की अचूकता वाढते.
वस्तुस्थिती: बहुतेक ठिकाणी मूळ आकडेच ठेवा, असे ओरॅकलच सांगते. सर्व्हर रिकामा असताना घेतलेले माप गर्दीच्या वेळी दिशाभूल करते. स्टोरेजच्या कॅशमुळे तर कधी एका ब्लॉकपेक्षा अनेक ब्लॉक कमी वेळात वाचले गेल्याची नोंद होते. मोजायचेच असेल तर नेहमीच्या कामाच्या वेळेत मोजा, जुने आकडे आधी जपून ठेवा आणि चाचणी सर्व्हरवर परिणाम तपासा. शिवाय आधीच पार्स झालेल्या क्वेरींचे प्लॅन, म्हणजे ऑप्टिमायझरने ठरवलेले मार्ग, या बदलाने लगेच रद्द होत नाहीत. त्यामुळे पहिल्या तासातली शांतता पाहून निर्धास्त होऊ नका.

गैरसमज ४: हा प्रश्न फक्त ओरॅकलचा.
वस्तुस्थिती: पोस्टग्रेसमध्ये सलग पान (म्हणजे ब्लॉक) वाचण्याचा खर्च १, तर विखुरलेले पान वाचण्याचा ४ धरलेला असतो. एसएसडीवर ही तफावत बरीच कमी असते, म्हणून अनेक जण ४ ऐवजी १.१ ठेवतात. मायएसक्यूएलमध्येही ५.७ पासून असे खर्च बदलता येतात.

सिस्टिम स्टॅटिस्टिक्स बदलले की साऱ्या डेटाबेसचा हिशेब बदलतो. म्हणून एखादी क्वेरी रेंगाळली तर आधी तिचा प्लॅन काढा आणि ऑप्टिमायझरने किती ओळी अपेक्षिल्या, प्रत्यक्षात किती आल्या, हे ताडून पाहा. अंदाज दहा ओळींचा आणि आल्या दहा लाख, असे दिसले तर चूक टेबलच्या आकडेवारीत शोधा. अंदाज बरोबर असूनही मार्ग चुकीचा निघाला, तरच यंत्राच्या आकड्यांकडे वळा.