नॉस्टॅल्जिया : मूळचा एक आजार

घरओढीचा हा इंग्रजी शब्द वैद्यकातून आला. १६८८ मध्ये बाझेल येथे योहानेस होफर या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात तो घडवला. ग्रीक 'नोस्टोस' म्हणजे घरी परतणे, 'आल्गोस' म्हणजे वेदना. परमुलखात खंगणाऱ्या स्विस तरुणांची झोप उडे, अन्न जाईना. त्यावर होफरचा खात्रीचा उतारा म्हणजे रुग्णाला घरी धाडणे. पुढे हा शब्द गतकाळाच्या हुरहुरीपुरता सौम्य झाला. मला मूळ अर्थच खरा वाटतो. पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेला गोव्यातला पेडणेकर चवथीला आणि कोजागरीच्या पुनवेला गाव गाठतो, तो याच उताऱ्यासाठी.