प्रश्न विचारणे म्हणजे विज्ञानविरोध नव्हे!

कर्जत-खालापूर म्हटले की भात आलाच. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून निघालेली 'कर्जत-१८४', 'कर्जत-३' ही वाणे कोकणातल्या खाचराखाचरांत रुजली. 'सह्याद्री' हा संकरित भातही इथलाच. तेव्हा संशोधनाशी आमचे वैर असण्याचे कारणच नाही. पण ते कोणासाठी आणि कोणाला विचारून, असे म्हटले की लगेच 'अडाणी' असा शिक्का बसतो. हा शिक्का आम्हाला मान्य नाही.

४ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने 'कमला' आणि 'पुसा डीएसटी राइस १' ही जनुक संपादित भाताची दोन वाणे जाहीर केली. परके जनुक न घालता भाताच्याच जनुकात फेरफार केला, म्हणून धोका कमी, असे शास्त्रज्ञ सांगतात. या म्हणण्यात तथ्य असू शकते. परंतु याच आधारावर ३० मार्च २०२२ रोजी अशा पिकांना १९८९ च्या जैवसुरक्षा नियमांतील कडक तपासणीतून सूट दिली गेली. बीटी वांग्याच्या वेळी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्याला स्थगिती मिळाली. या भातासाठी तशी सुनावणी झाली नाही. वांग्यासाठी लोकांना विचारायचे आणि रोजच्या भातासाठी नाही, हा कुठला न्याय?

दुसरा प्रश्न बियाण्याचा. संकरित भाताचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. जनुक संपादनाच्या तंत्रावर मात्र परदेशी संस्थांची पेटंटे आहेत. उद्या या बियाण्यावर मालकी कोणाची, हे आजच लेखी सांगा.

मोहरीच्या खटल्यात २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले. पण शेतकऱ्यांसह सर्वांशी बोलून राष्ट्रीय धोरण ठरवा, यावर दोघांचेही एकमत होते. ते बोलणे दिल्लीच्या सभागृहात आटोपू नये. सातबारा नसलेला कातकरी, ठाकूरवाडीतला शेतकरी, चिखलात वाकून लावणी करणारी आमची मायबहीण यांच्यापुढे, ग्रामसभेत, साध्या मराठीत ते झाले पाहिजे.

संविधानाच्या कलम ५१ अ (ज) मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोनाला जोडूनच शोधक बुद्धी हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. आम्ही तेच कर्तव्य बजावतो आहोत. उत्तर द्या!