शुभ्र अन्नाचा मोह

तांदूळ जितका शुभ्र तितका उत्तम, ही समजूत चुकीची आहे. गिरणींत धान फार घासलें म्हणजे कोंड्याबरोबर ब-१ जीवनसत्त्वही निघून जातें. १८९० च्या दशकांत जावा बेटांत डॉ. आइकमन यांस आढळलें कीं, अशा तांदुळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात व कोंडा चारल्यास बऱ्या होतात. १९२९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

मैदा करतांनाही गव्हाचा कोंडा व अंकुर टाकला जातो. बिस्किटांत त्यावर साखर पडते आणि पुडींतील तळलेल्या पदार्थांत मीठ. मोठ्या माणसानें दिवसांत ५ ग्रॅमहून कमी मीठ खावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते.

कुहीच्या मातांनो, मुलांच्या डब्यांत ज्वारीची भाकर, डाळ व भाजी द्यावी. विद्यार्थ्यांनो, पुडी घेण्यापूर्वीं तिच्यावरील घटकांची यादी वाचा.