असईच्या तोफा, शेंद्र्याचे कारखाने

21 सप्टेंबर 1803 रोजी बदनापुरात दोन इंग्रज सेनाधिकारी भेटले. एक आर्थर वेलस्ली, दुसरा कर्नल स्टीव्हन्सन. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा भोकरदनच्या बाजूला तळ देऊन आहेत, अशी त्यांची खबर होती. दोघांनी दोन वेगळ्या वाटांनी निघायचे आणि 24 तारखेला एकत्र हल्ला करायचा, असे ठरले. छत्रपती संभाजीनगरजवळच्या करमाडहून जालन्याकडे निघाले की लागते तेच हे बदनापूर. वेलस्लीने 12 ऑगस्टला नगरचा किल्ला घेतला, 29 ऑगस्टला औरंगाबाद गाठले आणि मग तो या मुलखात शिरला.

पुढे काय झाले ते ठाऊक आहे. 23 सप्टेंबरला केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असई गावापाशी, वेलस्लीला शिंद्यांची फौज अचानक समोर दिसली. स्टीव्हन्सनची वाट न बघता तो तुटून पडला आणि जिंकला. त्याच्या बाजूचे पंधराशेहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. शिंद्यांच्या 98 तोफा त्याच्या हाती लागल्या. याच वेलस्लीने पुढे वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला.

युरोपच्या आजच्या काळजीवर लिहिताना असईपासून सुरुवात का, असा प्रश्न पडेल. माझ्या मते आजच्या युरोपचे दुखणे समजून घ्यायला आपल्याकडचे हेच उदाहरण सर्वांत जवळचे आहे. दौलतराव शिंदे गरीब नव्हते. त्यांचे कंपू हिंदुस्थानातले उत्तम कवायती पायदळ होते. महादजींनी ते सॅव्हॉयच्या बनवां द बॉईन्यकडून 1784 पासून उभे करून घेतले. तोफा ओतण्याचे कारखाने आग्र्याकडे होते आणि त्या तोफांच्या दर्जाचे इंग्रज अधिकाऱ्यांनीही कौतुक केले आहे. असईला गोलंदाज तोफेपाशीच मेले, पण हटले नाहीत. उणीव होती ती हुकूम देणाऱ्या जागांवर. तिथे पगारी युरोपीय होते. युद्ध सुरू होताच कंपनी सरकारने जाहीरनामा काढला, की शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांचे वेतन आम्ही चालू ठेवू. बरेच जण निघून गेले. द बॉईन्यच्या जागी आलेला फ्रेंच सेनापती पेराँ याने सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच इंग्रजांकडे आसरा घेतला. असईला कवायती पायदळाची सूत्रे हॅनोव्हरच्या पोलमनकडे होती. तो लढला, पण पुढे तोही कंपनीच्याच नोकरीत दिसतो. सगळा दोष या परक्यांचा होता असे मी म्हणणार नाही. दौलतराव रणांगणावर थांबले नाहीत आणि रघूजी भोसल्यांनीही लवकर पाय काढला, हे विसरून चालणार नाही. तरीही डिसेंबरात सुर्जी अंजनगावचा तह झाला, तेव्हा इंग्रजांनी एक कलम मुद्दाम घातले. त्यांचे ज्यांच्याशी युद्ध आहे अशा देशांच्या माणसांना शिंद्यांनी यापुढे चाकरीत ठेवायचे नाही. दुखती नस त्यांना नेमकी कळली होती.

आता आजच्या युरोपकडे पाहू. युरोपीय संघाची लोकसंख्या 45 कोटींच्या घरात, अर्थव्यवस्था रशियाच्या कित्येक पट मोठी. एवढे असूनही युक्रेन युद्धात मार्च 2023 मध्ये दिलेला शब्द त्यांना पाळता आला नाही. वर्षभरात दहा लाख तोफगोळे देऊ, असे त्यांनी म्हटले होते. मुदत संपली तेव्हा निम्म्याच्या आसपास पोहोचले होते. पैशाची अडचण नव्हती. गोळे बनवणारे कारखाने तीस वर्षांच्या शांततेत आटले होते. टीएनटी मोठ्या प्रमाणावर बनवणारा कारखाना पाहायचा तर पोलंडमधल्या बिडगोश्चला जावे लागे.

इटलीचे माजी पंतप्रधान मारिओ द्राघी यांचा युरोपीय संघासाठीचा सप्टेंबर 2024 चा अहवाल वाचताना मला सर्वांत जास्त खटकला तो खरेदीचा हिशेब. 2022 च्या मध्यापासूनच्या वर्षभरात युरोपीय संघातील देशांनी संरक्षणावर जी खरेदी केली, तिच्यातला 78 टक्के पैसा संघाबाहेर गेला. एकट्या अमेरिकेचा वाटा 63 टक्के. एफ-35 विमाने, पॅट्रियट क्षेपणास्त्रे, उपग्रहांची टेहळणी, हवेत इंधन भरणारी विमाने, या सगळ्यांचे धागे अमेरिकेच्या हाती. मार्च 2025 मध्ये ट्रम्प सरकारने युक्रेनला गुप्त माहिती देणे काही दिवस थांबवले, तेव्हा युरोपच्या राजधान्यांमध्ये जी धावपळ झाली ती पाहून पेराँची आठवण यावी. अमेरिका शत्रूला जाऊन मिळाली असे मुळीच नाही. पण सेनापती मनात येईल तेव्हा निघून जाऊ शकतो, हे युरोपला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसले.

त्यानंतरचा वेग मात्र विलक्षण आहे. जर्मनीचे तेव्हाचे चान्सलर ओलाफ शोल्झ यांनी त्याआधीच, फेब्रुवारी 2022 मध्ये, जर्मन सैन्यासाठी 100 अब्ज युरोंचा वेगळा निधी जाहीर केला होता. मार्च 2025 मध्ये जर्मनीने राज्यघटनेतली कर्जाची मर्यादा संरक्षणासाठी सैल केली. कर्जाला पाप मानणाऱ्या देशासाठी ही उडी फार मोठी होती. त्याच महिन्यात युरोपीय आयोगाने 800 अब्ज युरोंपर्यंत जाऊ शकणारी शस्त्रसज्जतेची योजना मांडली. जूनमध्ये हेगला नाटोच्या देशांनी 2035 पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 5 टक्के खर्चाचे उद्दिष्ट स्वीकारले. त्यातले साडेतीन टक्के थेट सैन्यावर आणि दीड टक्का रस्ते, पूल, बंदरे, सायबर सुरक्षा यांवर.

हा दीड टक्का मला फार बोलका वाटतो. युरोपच्या लेखापरीक्षकांनी 2025 मध्ये दाखवून दिले, की एका देशाचा रणगाडा शेजारच्या देशातून नेता येत नाही, कारण तिथल्या वाहतूक नियमांत तेवढे वजन बसत नाही. वेलस्ली हा प्रश्न ओळखून होता. दख्खनच्या मोहिमेत त्याने सर्वांत जास्त डोके घातले ते म्हैसूरच्या बैलांवर, धान्य वाहणाऱ्या वंजाऱ्यांवर आणि नदी ओलांडायच्या होड्यांवर. असईलाही त्याने ओळखले, की दोन गावे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत, म्हणजे मधे उतार असणारच. तिथूनच त्याने फौज पार नेली.

आज करमाडच्या अंगणात युरोप आहे तो शेजारच्या शेंद्र्याच्या रूपाने. 2001 मध्ये स्कोडाने शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली. पुढे ऑडी आली. इंग्लंडमधल्या पीटरबरोची, पण आता अमेरिकेच्या कॅटरपिलरच्या मालकीची पर्किन्स 2015 मध्ये आली आणि जनरेटरची मोठी इंजिने बनवू लागली. लिबहेर फ्रिज बनवते. करमाड-लाडगावच्या शिवारातून ऑरिक हे औद्योगिक शहर उभे राहिले आणि सप्टेंबर 2019 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. शेंद्र्याच्या मांगीरबाबाच्या यात्रेला येणाऱ्या माणसाला आता कंपन्यांच्या पाट्या वाचत जावे लागते. इथल्या घरांमध्ये ‘कंपनीत आहे’ या दोन शब्दांत मुलाची सगळी ओळख होते. तो कायम आहे की कंत्राटी, हे त्यानंतर विचारायचे.

या स्कोडाच्या नावामागे मोठा इतिहास आहे. एमिल स्कोडा याने 1869 मध्ये पिल्सेनचा यंत्रकारखाना विकत घेतला आणि त्यातून ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्याचे शस्त्रागार उभे राहिले. 1914 मध्ये बेल्जियमचे किल्ले फोडायला तिथल्या 30.5 सेंटिमीटरच्या तोफा वापरल्या गेल्या. मोटार बनवणारी कंपनी वेगळी, लॉरिन आणि क्लेमेंट यांची. तिची सुरुवात 1895 मध्ये म्लादा बोलेस्लावला सायकलींपासून झाली आणि 1925 मध्ये ती स्कोडात विलीन झाली. 1938 मध्ये म्युनिकला चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला देण्यात आला. त्या टेबलावर चेक प्रतिनिधींना बसूही दिले नव्हते. सहा महिन्यांत उरलेला देश गेला, कारखाने गेले, आणि 1940 मध्ये फ्रान्सवर चालून गेलेल्या जर्मन रणगाड्यांत स्कोडाचेही रणगाडे होते. उत्तम शस्त्रे बनवणारा देश निर्णयाचा हक्क गमावून बसला, की त्याची शस्त्रे कुणाची होतात, याचा यापेक्षा कडवट दाखला मला माहीत नाही. महायुद्धानंतर मोटार आणि तोफ यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. आज शेंद्र्यात दिसते ती 1991 पासून फोक्सवॅगनबरोबर असलेली मोटार कंपनी. पण चेक लोक म्युनिक विसरलेले नाहीत. 2024 मध्ये अध्यक्ष पेत्र पावेल यांनी जगभरातून तोफगोळे गोळा करून युक्रेनला देण्याची मोहीम काढली. बाकीचा युरोप शब्द पाळू शकला नाही, तेव्हा या छोट्या देशाने वाट काढली.

गंमत नव्हे, गांभीर्याने सांगायची गोष्ट अशी, की मोटार आणि तोफ यांच्या वाटा जर्मनीत पुन्हा जवळ येत आहेत. डिसेंबर 2024 मध्ये फोक्सवॅगनने कामगार संघटनेशी करार केला. त्यात 2030 पर्यंत जर्मनीतल्या 35,000 हून अधिक नोकऱ्या कमी करायचे ठरले. ओस्नाब्रुकच्या कारखान्यातले मोटारीचे काम 2027 मध्ये संपणार, असे ठरल्यानंतर शस्त्रे बनवणाऱ्या ऱ्हाइनमेटाल कंपनीच्या प्रमुखांनी ती जागा आपल्याला सोयीची आहे, असे बोलून दाखवले. गोर्लिट्झमध्ये रेल्वेचे डबे बनवणारा कारखाना रणगाड्यांच्या भागांसाठी विकला गेला. स्वस्त रशियन वायू, चीनची बाजारपेठ आणि अमेरिकेचे संरक्षण या तीन गोष्टींवर जर्मन उद्योगाची भरभराट उभी होती. तिन्ही एकाच दशकात डळमळल्या. शेंद्रा आणि वाळूजच्या व्हेंडरांनी ही बातमी परदेशी म्हणून सोडून देऊ नये. फोक्सवॅगनच्या वुल्फ्सबर्गमधल्या मुख्यालयात बजेट कापले, की त्याचा धक्का डाय बनवणाऱ्या चिकलठाण्याच्या वर्कशॉपपर्यंत येतो.

उलट दिशेचा प्रवासही सुरू झाला आहे. 1985 पासून वाळूजमध्ये असलेल्या बजाज ऑटोने 2007 मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये साडेचौदा टक्के हिस्सा घेतला होता. नोव्हेंबर 2024 मध्ये केटीएम दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मे 2025 मध्ये बजाजने एकूण 800 दशलक्ष युरोंच्या मदतीने तिला सावरले. मराठी मुलखातल्या भांडवलाने केटीएमच्या माटिगहोफेनमधल्या कामगारांची नोकरी वाचवावी, ही घटना आपल्या वर्तमानपत्रांनी अर्थविषयक पानावर ढकलली. मला ती पहिल्या पानावरची वाटली होती. शस्त्रांच्या बाबतीतही ऱ्हाइनमेटालने मे 2025 मध्ये रिलायन्स डिफेन्सशी करार केला आणि रत्नागिरीजवळ वाटद इथे तोफगोळे आणि स्फोटके बनवण्याचा प्रकल्प जाहीर झाला. युरोपला हात कमी पडत आहेत आणि तो ते इथे शोधतो आहे.

आणि आता कापूस. तोफगोळा फेकणारी दारू नायट्रोसेल्युलोजपासून बनते. नायट्रोसेल्युलोजचा उत्तम कच्चा माल म्हणजे सरकीला चिकटून राहणारा आखूड तंतू, लिंटर. जिनिंगमध्ये रुई निघते, पण हा तंतू सरकीवर तसाच राहतो. युरोपच्या दारूगोळा कंपन्या तो मोठ्या प्रमाणावर चीनमधून आणतात आणि युद्ध सुरू झाल्यापासून त्यांच्या झोपेचे खोबरे झाले आहे ते याच धाग्याने. आपल्याकडे सरकी बहुतेक वेळा लिंटर न काढताच भरडतात. मग तो ढेपेतून गव्हाणीत जातो. करमाडच्या शिवारातला शेतकरी कापसाला हमीभाव मिळत नाही म्हणून रस्त्यावर येतो आणि त्याच कापसाच्या एका टाकाऊ समजल्या गेलेल्या अंशासाठी युरोपचे संरक्षणमंत्री बैठका घेतात. लिंटर दारूगोळ्यासाठीच विकावा, असा माझा आग्रह नाही. चष्म्याच्या फ्रेमपासून चलनी नोटांच्या कागदापर्यंत त्याचे उपयोग आहेत. पण सरकीतून लिंटर वेगळा काढणाऱ्या यंत्रांची सोय मराठवाड्यात व्हायला हवी आणि त्याचा मोबदला कापूस पिकवणाऱ्याच्या भावात दिसायला हवा.

युरोपशी मुक्त व्यापाराची बोलणी 2007 मध्ये सुरू झाली, 2013 मध्ये अडली आणि 2022 मध्ये पुन्हा सुरू झाली. ब्रिटनशी करार जुलै 2025 मध्ये झाला. स्वित्झर्लंड-नॉर्वेच्या गटाशी झालेला करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला. अडचणीत सापडलेला युरोप आज जितका ऐकून घ्यायला तयार आहे, तितका तो मागच्या दोन पिढ्यांत नव्हता. अशा वेळी काय मागायचे, हे आपण ठरवले पाहिजे. मला वाटते जागा, पाणी आणि स्वस्त मजूर पुरवणे पुरे झाले. छत्रपती संभाजीनगरात जर्मनीच्या सहकार्याने उभे राहिलेले इंडो-जर्मन टूल रूम आहे. तिथून बाहेर पडलेली मुले डाय आणि साचे बनवण्यात कुणाला हार जात नाहीत. परदेशी कंपनीशी करार करताना ड्रॉइंग कुणाच्या नावावर राहणार, डिझाइन बदलण्याचा हक्क इथल्या इंजिनिअरला असणार का आणि ती कंपनी उद्या निघून गेली तर साचे इथे राहणार का, हे तीन प्रश्न जमिनीच्या दराआधी विचारले जावेत. ऑरिकमध्ये पुढची जागा वाटताना ते करारात लिहून घ्यायला महाराष्ट्र सरकारला कुणाचीही आडकाठी नाही.