साखर वाहणारे प्रथिन आणि जीवाणूचा ऊर्जेचा हिशेब

ग्लुकोज आणि लॅक्टोज या दोन शर्करा एकाच पात्रात मिळाल्या, तरी ई. कोलाय हा जीवाणू दोन्हींवर एकदम ताव मारत नाही. आधी तो ग्लुकोज संपवतो. मग त्याची वाढ काही काळ खुंटते आणि त्यानंतर लॅक्टोजवर पुन्हा सुरू होते. फ्रेंच शास्त्रज्ञ जाक मोनो यांनी १९४१ मध्ये आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात वाढीचे हे दोन टप्पे मांडले. मेंदू नसलेला एकपेशीय जीव अशी निवड कशी करतो? उत्तराचा मोठा भाग साखर आत आणणाऱ्या यंत्रणेतच सापडला.

ही यंत्रणा १९६४ मध्ये मिशिगन विद्यापीठात कुंडिग, घोष आणि रोझमन यांनी उजेडात आणली. तिला फॉस्फोट्रान्सफरेज प्रणाली म्हणतात. साखर आत ओढण्यासाठी ती पेशीचे नेहमीचे ऊर्जाचलन असलेले एटीपी वापरत नाही. ग्लुकोजच्या विघटनात तयार होणाऱ्या ‘पीईपी’ या रेणूतील फॉस्फेट ती घेते आणि चार प्रथिनांच्या साखळीतून हातोहात पुढे सरकवते. पेशीपटलातील शेवटचे प्रथिन ग्लुकोज आत घेता घेताच त्याला तो फॉस्फेट जोडते. असे ग्लुकोज पुन्हा बाहेर निसटू शकत नाही, शिवाय विघटनाची पहिली पायरीही त्याच क्षणी पूर्ण होते. एका ग्लुकोजपासून दोन पीईपी मिळतात. त्यांपैकी एक पुढचे ग्लुकोज आणण्यात खर्ची पडते.

निवडीचे सूत्र साखळीतील तिसऱ्या दुव्याकडे, ‘एन्झाइम टू-ए’ या प्रथिनाकडे आहे. ग्लुकोज मुबलक असते तेव्हा हातातला फॉस्फेट ते लगेच पुढे देते आणि बहुतांशी रिकामे राहते. हे रिकामे प्रथिन लॅक्टोज आत आणणाऱ्या वाहकाला चिकटून त्याचे दार बंद करते. ग्लिसरॉलच्या वापरासाठी लागणाऱ्या विकरालाही ते रोखते. ग्लुकोज संपले की फॉस्फेट घ्यायला पुढे कोणी उरत नाही आणि तो याच प्रथिनावर साचून राहतो. मग दारे मोकळी होतात. फॉस्फेटधारी प्रथिन सायक्लिक एएमपी तयार करणाऱ्या विकराला चालना देते आणि हा संदेशवाहक रेणू इतर शर्करा पचवणारी जनुके जागी करण्यास मदत करतो. पेशीत पीईपी कमी आणि पायरुव्हेट जास्त झाले, तरीही हे प्रथिन रिकामे होऊ लागते. म्हणजे बाहेरच्या साखरेबरोबरच आतल्या इंधनसाठ्याची खबरही त्याला मिळते. वाहतूक करणारा आणि हिशेब ठेवणारा येथे एकच आहे.

या हिशेबाचा संबंध थेट रुग्णालयाशी येतो. मूत्रमार्गाच्या संसर्गावर दिले जाणारे फॉस्फोमायसिन हे प्रतिजैविक जीवाणूत शिरते ते फॉस्फेटयुक्त अन्नरेणूंसाठी असलेल्या दोन वाहकांमधून. हे वाहक पुरेसे तयार होण्यासाठी सायक्लिक एएमपी लागते. फॉस्फेटच्या साखळीतील पहिल्या प्रथिनाचे जनुक बिघडले, तर सायक्लिक एएमपी घटते, वाहक कमी होतात आणि औषध बाहेरच राहते. जीवाणू अशा रीतीने प्रतिरोधक बनतो, पण त्याची किंमतही मोजतो: साखर मिळवण्याची ताकद घटल्याने त्याची वाढ अनेकदा मंदावते.

उद्योगात हीच गोष्ट मुद्दाम घडवली जाते. ऑसेल्टामिव्हिर या फ्लूवरील औषधाचा कच्चा माल असलेले शिकिमिक आम्ल जीवाणूंकडून बनवताना पीईपी लागते. म्हणून संशोधक ही प्रणाली काढून टाकतात, ग्लुकोजसाठी दुसरा मार्ग देतात आणि वाचलेले पीईपी आम्लाकडे वळवतात. प्राणी व वनस्पतींमध्ये ही प्रणाली आढळलेली नाही. त्यामुळे जीवाणूंना रोखू पाहणाऱ्या नव्या औषधांसाठीही ती एक लक्ष्य म्हणून अभ्यासली जात आहे.